बांडी न्हाई आली

ताई,

तुम्ही जाऊन बरीच वर्षं झाली. पुण्याहून महिन्यातून एकदा एसटीनं यायचात, धरणाच्या फाट्यावर उतरून आमच्या वाडीपर्यंत चालायचात. लहान मुलं कशी शिकतात याचा अभ्यास केलेल्या मानसशास्त्रज्ञ म्हणून मला तुमची भीती वाटायची, आणि तुम्ही तर येऊन दारातल्या पायरीवर बसायचात, वहीसुद्धा उघडायचा नाहीत. मी अंगणवाडीत नवी होते. त्या दिवशी तुमच्यादेखत मी एका धनगराच्या मुलीपुढे चिंचोके मांडले. चार वर्षांची असेल. किती आहेत विचारलं, तर ती खाली बघत राहिली. मी म्हणाले, "हिला काही येत नाही, ताई. वहीत 'मंद' असं लिहिलंय मी." दुपारी तिच्या घरची शेरडं पाण्यावर उतरली, तशी ती उठून दारात आली आणि म्हणाली, "बांडी न्हाई आली." बांडी ही त्यांची एक शेळी.

"कशावरून गं?" तुम्ही विचारलंत.

"दिसंना ना." तुम्हालाच काही येत नसल्यासारखं तिनं तुमच्याकडे बघितलं.

"बाकीच्या आल्या सगळ्या?"

"आल्या की. लंगडी मागं हाय."

मग तुम्ही मला शेरडं मोजायला लावलीत. ती जागची हलत होती, मी दोनदा चुकले. "तिला येत नाही असं लिहिण्याआधी," तुम्ही म्हणालात, "तिला काय विचारायचं ते शिक." आवाज चढवला नाहीत, म्हणून जास्त लागलं. तेव्हापासून जूनचा पहिला आठवडा मी कुठल्याच मुलाला काही विचारत नाही. नुसती बघते, कोण कशाशी खेळतं, कोण काय अर्धवट सोडून उठतं. सुपरवायझर मॅडम तक्ते मागतात. भूगावच्या नर्सरीतली मुलं लिहायला लागली, असं पालक ऐकवतात. मी ऐकून घेते आणि माझंच करते.

मागच्या आठवड्यात तीच मुलगी आली होती. आता हिंजवडीला एका कंपनीत साफसफाईला जाते, गळ्यात कार्ड होतं. तिची लेक माझ्याकडे येते, फार बोलत नाही. "बाई, तिचं नाव काढा," म्हणाली. "आजीसंगं शेरडांमागं जाईल. माझ्यावानी मंद हाय ती, उगा कशाला बसवायची?"

"असं कोण म्हणालं?"

"तुमीच की. आमच्या आयला नळावर सांगितलं व्हतं." ती रागानं बोलली नाही. गाडीची वेळ झाली होती, तिचं लक्ष रस्त्याकडे होतं.

नाव मी काढलेलं नाही आणि काढणार नाही. सोमवारी तिची सुट्टी असते. त्या दिवशी वर तिच्या घरी जाणार आहे. आधी अंगणात बसेन, तिच्या लेकीकडे बघेन, काही विचारणार नाही. मग बांडीचं सगळं सांगेन, तिच्या आईसमोर, आणि चुकले ती मी, हेही. पटलं नाही तर पुढच्या सोमवारी पुन्हा जाईन.

हे पत्र पाठवायला पत्ता नाही, त्याच जुन्या वहीत ठेवते आहे. बांडीच्या दिवशी निघताना तुम्ही विचारलं होतंत, "हिच्या घरी कुणाला बोलली नाहीस ना?" मी नाही म्हणाले. तुम्ही मान डोलावलीत आणि फाट्याकडे चालू लागलात.

मी बोलले होते, ताई. सकाळीच.