व्हार्निशचा दुसरा हात

सातारा, सोमवार, १२ डिसेंबर १९९४

प्रिय गोदाक्का,

तुला आणि भाऊजींना धाकट्या मनूचा प्रभूमध्ये सप्रेम सलाम. तुझे गुडघे कसे आहेत? सांगलीत थंडी कमी, म्हणजे बरे असणार. इथे मी स्वेटर घालून भाकरी थापते.

अक्का, सगळा दोष सिस्टर बेनेडिक्टांचा, देव त्यांच्या आत्म्याला शांती देवो. आठवतं ना, शाळेत आपण वर्ग झाडला की त्या बाकाखाली बोट फिरवून बघायच्या? प्रार्थना मनापासून केली आणि झाडणं उरकून टाकलं, तर देवाला दोन्ही अर्धवटच पोचतात, असं त्यांचं म्हणणं. त्या बोटाच्या धाकाने मी आजही डब्यांची बुडं घासते. (हे म्हणतात, स्वर्गाच्या दारात पोचल्यावर मी आत जायच्या आधी कडी घासून घेईन.) तर नाताळाआधी देवळातल्या बाकांना व्हार्निश करायचं काम मी अंगावर घेतलं. शनिवारी दुपारी आकाराम सुतार एक हात मारून ब्रश धुवायला निघाला. मी म्हटलं, दुसरा दे. तर म्हणतो, "आवं बाई, एक पुरं हाय. ह्या गारठ्यात दुसरा उद्यापतुर वाळायचा न्हाई." मी म्हटलं, देव बघतोय. "देव बघंल वो, पर बसणार माणसं हायती." हा लाकडाचा माणूस, याला आत्म्याचं काय कळणार! (हे माझं शनिवारचं मत.) दुसरा हात मी स्वतः दिला, बाकांच्या खालूनसुद्धा.

आता आमचे हिवाळे पाळकसाहेब वर्षभर खचलेले. उपदेश सुरू झाला की मंडळी घड्याळ बघते, आणि धोंडुबाई तर स्वयंपाक राहिलाय म्हणून मधेच उठून जाते. नाताळानंतर सगळं सोडून मेढ्याला भावाच्या शेतावर जायचं त्यांनी ठरवलं होतं; राजीनामा लिहून तयार होता. काल विषय होता आळस. अर्ध्या तासाने धोंडुबाई उठायला गेली, चार बोटं वर झाली, परत बसली आणि तिने डोळे मिटले. शेवटी पाळकसाहेब म्हणाले, गीतासाठी उभे राहा. कोणी हललं नाही. प्रत्येकाला वाटत होतं, फक्त आपलंच चिकटलंय, म्हणून सगळे पवित्र चेहरे करून समोर बघत राहिले. पाळकसाहेबांचे डोळे भरून आले. मंडळीला आणखी ऐकायचंय असं समजून ते आणखी चाळीस मिनिटं बोलले, आणि अक्का, फार सुंदर बोलले. मग ते डोळे मिटून आशीर्वाद देत असताना सुभेदार लालासाहेब शिस्तीत उठले. त्यांच्या विजारीचा बराचसा भाग उठला नाही.

पाळकसाहेब भरल्या डोळ्यांनी, मंडळीकडे न बघता तसेच घरी गेले, राजीनामा फाडायला. मी कशीबशी सुटले आणि घासलेट आणून एकेकाला सोडवलं. ("वहिनी, लय मजबूत काम केलंत," लालासाहेब टॉवेल गुंडाळत म्हणाले.)

आज सकाळी मी पाळकसाहेबांना खरं सांगायला गेले, तर ते पुढचा उपदेश लिहीत बसले होते. शेजारी चहा गार झाला होता. मी तो गरम करून दिला आणि परत आले.

तुझी,
मनू

ता.क. येत्या रविवारी पाळकसाहेब तुमच्या देवळात उपदेशाला येताहेत. फार आशेने येताहेत. देवळाच्या किल्ल्या तुझ्याकडेच असतात ना?

ता.क. २. शनिवारी आकाराम उरलेला अर्धा डबा घेऊन येईल. पुढच्या चार बाकांना पुरेल. त्याला जेवू घाल. सांगलीत थंडी कमी, तेव्हा तीन हात द्यायला लाव. तू जुनी साडी नेस.