तोडणीच्या यादीतल्या अडतीस टेस्ट

प्रिय जया,

"ज्यानं तयार कोडची लायब्ररी बदलली, त्यानंच मोडलेल्या टेस्ट दुरुस्त करायच्या." सावेडीच्या आपल्या दोन खोल्यांच्या ऑफिसात तू हे म्हणालीस त्याला चौदा वर्षं झाली. तेव्हा आपण दोघीच होतो. बदलणार आपण आणि मोडणार तेही आपलंच. मी ते कागदावर लिहून भिंतीला लावलं.

आता आम्ही नऊ जण आहोत. कारखान्याच्या ऊसतोडणीची यादी अजून आपल्याच सॉफ्टवेअरमधून निघते. लागवडीची तारीख बघून कोणाच्या रानात टोळी कधी जायची ते ठरतं. जूनमध्ये मी मोनिकाला तारखांची लायब्ररी नवी करायला सांगितलं. नेवाशाकडची मुलगी, येऊन चारच महिने झालेले. उत्तर बरोबर येतं का ते तपासणाऱ्या अडतीस टेस्ट मोडल्या, सगळ्या तू लिहिलेल्या भागातल्या. "मॅडम, हे गणित मला कळंना. ज्यांनी लिहिलंय त्यांना विचारू का?" असं तिनं दोनदा विचारलं. शेजारच्या टेबलावरचा हनुमंत हसून म्हणाला, "लग्न तू काढलंस, आता वऱ्हाड तूच जेवू घाल." मी नुसतं भिंतीकडे बोट दाखवलं.

तिसऱ्या दिवशी सगळ्या टेस्ट पास होऊन हिरव्या झाल्या. मी तिचा बदल न उघडताच मंजूर केला. तिनं गणित दुरुस्त केलंच नव्हतं. जे चुकीचं उत्तर येत होतं, तेच टेस्टमध्ये बरोबर म्हणून लिहिलं होतं. जुन्या लायब्ररीत महिने शून्यापासून मोजायचे, म्हणून तुझा कोड एक मिळवायचा; नव्या लायब्ररीत ते एकापासूनच मोजतात, आणि तुझा कोड वरून आणखी एक मिळवतो. एकशेबारा शेतकऱ्यांची पाळी महिनाभर मागे गेली. उसाला तुरे आले, वजन घटलं. कारखान्याच्या आप्पासाहेबांनी विचारलं, कोणी केलं? मी तिचं नाव घेतलं. ती समोरच चार्जरची वायर गुंडाळत होती. गुंडाळून झाली, तरी पुन्हा सोडून गुंडाळत राहिली.

तुझी आई दवाखान्यात होती त्या आठवड्यात पासवर्डची लायब्ररी तू बदलून गेली होतीस. टेस्ट मोडल्यावर मी तुला फोन करून तुझंच वाक्य ऐकवलं. दवाखान्याच्या जिन्यात बसून तू ते दुरुस्त केलंस, आणि वर खोलीत आई गेल्या. नंतर तू ऑफिसात आलीस ती किल्ली द्यायला. मी तेव्हाही म्हणाले होते, नियम सगळ्यांना सारखा.

मंगळवारी कारखान्यात बैठक आहे. मोनिकाला काढा, असं ते सांगणार. मी न बघता मंजुरी दिली, हे मी कबूल करणार आहे. पण त्यांना वाटतं, मुलगी हुशार असती तर तिला जमलं असतं. ते गणित कुठंच लिहून ठेवलेलं नव्हतं आणि नवख्या माणसाला ते जमणं शक्यच नव्हतं, हे फक्त तू सांगू शकतेस. कोपरगावहून सकाळची एसटी धरलीस तर वेळेत पोचशील. तू नाही म्हणशील, मला माहीत आहे, आणि त्यावर मला बोलायला तोंड नाही. तरी विचारते, माझ्यासाठी नको, तिच्यासाठी येशील का?

तू मानलंस तर अजून तुझीच,
राजेश्वरी