पहिला पीस न दाखवता

अण्णा, परवा मी तुमच्याबद्दल पुन्हा एकदा खोटं बोलले, आणि तेही हातात माइक घेऊन. सांगलीच्या माझ्या जुन्या कॉलेजनं बोलावलं होतं. विद्यार्थी असताना ब्लॉग लिहून मी काय शिकले, हे पोरांना सांगायचं होतं. आता मी पुण्यात लिहिण्यावरच पोट भरते, म्हणून त्यांना वाटलं असणार की ही बाई चार शहाणपणाच्या गोष्टी सांगेल. मी कागदावर मुद्दे काढून नेले होते. रोज थोडं लिहा. आपल्याला माहीत आहे तेवढंच लिहा. लोकांपुढे टाकायच्या आधी कुणाला तरी वाचायला द्या. घरच्या माणसांबद्दल लिहाल तेव्हा जपून. मुद्दे सगळे बरोबर होते, मी मात्र त्यातला एकही पाळलेला नव्हता. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलीनं विचारलं, मॅडम, तुमचा सगळ्यात जास्त वाचला गेलेला लेख कोणता? मी तुमच्या बोटाची गोष्ट सांगितली. जशी तेव्हा लिहिली होती तशीच, एक शब्द इकडचा तिकडे न करता. त्या मुलीनं डोळे पुसले, टाळ्या झाल्या, मला शाल आणि एक रोप मिळालं. ते रोप समोर टेबलावर आहे आणि त्याला पाणी घालायचीही मला लाज वाटते आहे.

कुठून सुरुवात करू कळत नाही, म्हणून खंडेनवमीपासून करते. मी तिसरीत असेन. त्या दिवशी कुपवाडचं तुमचं वर्कशॉप बंद असायचं, पण माणसांनी भरलेलं असायचं. मशिनी रॉकेलनं पुसून लख्ख केलेल्या, प्रत्येकीला झेंडूची माळ, कामगारांच्या बायका नव्या साड्या नेसून आलेल्या. तुम्ही जतकडचे, आजोबांची मेंढरं सोडून इथं आलेले, पण त्या वर्कशॉपात सगळ्यात जुने. म्हणून मालक नारळ तुमच्याच हातात द्यायचे आणि तुम्ही तो तुमच्या ड्रिल मशीनपुढे फोडायचा, हे ठरलेलं. नारळ फोडण्याआधी तुम्ही टोपी सरळ करायचात. लग्नाच्या फोटोतसुद्धा तुमची टोपी इतकी सरळ नाही. त्या वर्षी तुम्ही मला मशीनजवळ उभं केलंत, भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलंत आणि म्हणालात, वाच की बाय. मी मोठ्यांदा वाचलं, ड्रिल मशीनवर हातमोजे घालून काम करू नये. मालकांनी मला दोन पेढे जास्त दिले. परत येताना मी विचारलं की हातमोजे घातले तर काय होतं. तुम्ही सांगितलंत, फिरत्या ड्रिलला धागा गावला की ते सोडत न्हाई, हात घिऊनच जातंय. मी त्या रात्री माझा स्वेटर आईकडे लांब ठेवायला दिला होता.

पुढे कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असताना मी ब्लॉग सुरू केला. त्याचं नाव इथं लिहीत नाही, आजही कान गरम होतात. कॉम्प्युटर लॅबमध्ये इंग्रजी बटणं दाबून मराठी अक्षरं उमटतात, याचंच इतकं अप्रूप होतं की काय लिहायचं याला महत्त्व नव्हतं. सुरुवातीला होस्टेलच्या पोळ्यांवर लिहिलं, गॅदरिंगवर लिहिलं. वाचणारे तीन, त्यातल्या दोघी माझ्याच खोलीतल्या. मग एकदा आजोबांच्या मेंढरांवर आणि जतकडच्या पाण्याच्या टँकरवर लिहिलं, आणि कुठल्या कुठल्या अनोळखी माणसांनी खाली लिहिलं की डोळ्यांत पाणी आलं. आपले हाल लोकांना आवडतात हे मला तिथं कळलं. माझे हाल तसे फारसे झालेले नव्हते, ही एक अडचण होती. पलूसच्या दोन खोल्यांत तुम्ही आणि आईनं मला काही कमी पडू दिलं नव्हतं. मग मी हाल तयार करायला लागले. सुट्टीत आईच्या हातचं मटण ओरपून यायचं आणि ब्लॉगवर चटणी-भाकरी लिहायची. आईला हे कधी कळलं असतं तर तिनं लाटणंच घेतलं असतं.

त्या हिवाळ्यात मला निबंधात बक्षीस मिळालं आणि त्यातून मी तुम्हाला हातमोजे आणले. पहिल्या पाळीसाठी तुम्ही सकाळी सहाला गाडीवर निघायचात, दोन्ही बाजूंना ऊस, त्यातून येणारा गारठा. कुपवाडला पोचेपर्यंत बोटं वाकत नाहीत असं तुम्ही एकदा बोलता बोलता म्हणाला होतात. तपकिरी लोकरीचे मोजे, तळव्याला चामडं लावलेलं. माप कोणाला माहीत होतं? बोटांत जरा ढिले झाले. तुम्ही म्हणालात, चालतंय की, धुतल्यावर आटत्यात. मग चुलीजवळ पाटावर बसून तुम्ही मोजे घालूनच चहा प्यायलात. आई म्हणाली, चहा पिताना तरी काढा. तुम्ही काढले नाहीत. लहान मुलासारखे हात पुढे धरून बघत राहिलात. मला आजही तो सगळ्यात आधी दिसतो, तो चहाचा कप आणि त्याभोवतीची तपकिरी बोटं. दहा.

पुढच्या महिन्यात फोन आला आणि मी मिरजेच्या दवाखान्यात पोचले तेव्हा तुमच्या डाव्या हाताला मोठं बँडेज होतं. अंगठ्याशेजारचं बोट दोन पेरांवरून गेलं होतं. काय झालं विचारलं तर तुम्ही एवढंच म्हणालात की ध्यान नव्हतं माझं, आणि तोंड भिंतीकडे केलंत. पंधरा दिवसांनी मी लॅबमध्ये बसले आणि एका बैठकीत तो लेख लिहिला. त्यात एक लोभी मालक होता. जुनाट मशीन होतं. काम लवकर उरकण्याची घाई होती. आणि एक वाक्य होतं, ज्याचं मला तेव्हा फार कौतुक वाटलं होतं. भिंतीवर साधी सूचनेची पाटीसुद्धा नव्हती, असं ते वाक्य. लेख टाकला आणि चहा प्यायला गेले. परत येईतो ब्लॉगवर माणसंच माणसं. आठवडाभर मी कॉलेजात अशी फिरत होते, जणू बोट माझं गेलं होतं आणि त्याबद्दल मला मेडल मिळालं होतं.

तो लेख मालकांच्या कुठल्याशा गिऱ्हाइकानं वाचला आणि छापून त्यांना दिला. मालकांनी तो तुमच्या हातात ठेवला. हे मला पुढं कळलं. तुम्ही डब्याच्या पिशवीतून ते चार कागद घरी आणलेत आणि मला बोलावून घेतलंत. स्वयंपाकघरात आई भाकरी थापत होती. तुम्ही पाटावर बसून, उजव्या हाताचं बोट ओळीखाली सरकवत, सगळं वाचलंत. तुम्ही हळू वाचायचात. मला वाटत होतं की संपूच नये. कागदांवर तेलाचे डाग पडले होते. शेवटचा कागद खाली ठेवून तुम्ही म्हणालात, "पाटी हाय. तूच वाचली हुतीस." मी म्हणाले की लेखात थोडं वाढवावं लागतं, त्याशिवाय लोक वाचत नाहीत. तुम्ही रागावला नाहीत. रागावला असता तर मला भांडता आलं असतं, आणि भांडण मला जमतं. तुम्ही कागदांची घडी घालत म्हणालात, "आमच्यात मालाचा पैला पीस आदी तपासाय दाखवत्यात, बाय. त्यो पास झाला की मग लॉट सोडायचा. पैला चुकला आन् तसाच लॉट सोडला, तर सगळं भंगारात जातंय. तू मला दाखवायचं हुतंस." लेख काढून टाक असं तुम्ही म्हणाला नाहीत. मी म्हणाले, चार दिवसांत लोक विसरतील. आणि काढला नाही, कारण खाली रोज नवी माणसं काही ना काही लिहीत होती.

त्या वर्षी खंडेनवमीला तुम्ही वर्कशॉपला गेला नाहीत. आईनं विचारलं तर अंग मोडून आलंय म्हणालात. घरीच पाट मांडलात. विळा, कोयता, स्क्रू-ड्रायव्हर, गाडीचे पाने. शेवटी माझ्या पिशवीतून माझं पेन काढून त्या ओळीत ठेवलंत आणि त्यालाही हळदीकुंकू वाहिलंत. मी दारात उभी होते. तुम्ही मुद्दाम काही सुचवत नव्हतात, हे मला माहीत आहे. तुमच्या लेखी ते माझं हत्यार होतं, आणि हत्याराची पूजा करायची असते, एवढंच. नारळ त्या वर्षी दुसऱ्या कुणीतरी फोडला. पुढच्या वर्षी तुम्ही गेलात, पण मागे उभे राहिलात, असं आई म्हणाली. मालकांनी नारळ पुढे केला तर तुम्ही नको म्हणालात. नोकरी कुणी काढून घेतली नाही, कुणी वाईट बोललं नाही. तुम्हीच त्यांच्यापुढे मान वर करेनासे झालात, ते माझ्या एका वाक्यापायी. तुमची टोपी पुन्हा तशी सरळ झालेली मी पाहिली नाही.

तुम्ही गेलात त्याला आता बरीच वर्षं झाली. तेराव्याला मालक आले होते. म्हातारे झाले होते, चपला काढून ओट्यावरच बसले. मला जवळ बोलावून म्हणाले, "आता सांगायला हरकत नाही. हातात मोजे होते त्याच्या. सकाळी गारठा होता, उजवा काढला आणि डावा तसाच ठेवून चालू ड्रिलजवळचा बूर, म्हणजे लोखंडाचा कीस, झटकायला गेला. दवाखान्यात मला हात जोडून म्हणाला, मोजे पोरीनं दिल्यात, तिला कळू देऊ नका." म्हणून लेखानंतर गिऱ्हाइकं विचारत होती तेव्हाही त्यांनी पाटीचं किंवा मोज्याचं नाव काढलं नाही. तुम्ही दोघांनी मिळून माझ्यासाठी तोंड बंद ठेवलं, आणि मी मालकांच्या नावानं जगभर बोंब मारली होती. मी तिथंच ओट्यावर मोठ्यानं रडले. मला माहीतच नव्हतं हो, असं म्हणत रडले. मालकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. बायकांनी मला आत नेऊन पाणी पाजलं.

परवा कॉलेजातून निघाल्यावर रिक्षा करून कुपवाडला गेले. समोरच्या टपरीपाशी अर्धा तास उभी राहिले. शटर अर्धं वर होतं, आत मशीन चालू होतं. मालक अजून रोज येऊन दुपारपर्यंत बसतात, असं टपरीवाल्यानं सांगितलं. मी हातात ती शाल आणि ते रोप घेऊन उभी, लोक बघायला लागले. आत गेले नाही. लेख अजून तसाच आहे, अण्णा. एक बटण दाबायचं आहे. पुण्यातली पहिली नोकरी मला तो लेख दाखवून मिळाली, आणि अजूनही कुणी विचारलं की तोच दाखवते. आज सकाळपासून मी हे लिहिते आहे ते खरं तर मालकांना दाखवायला हवं. पाकीट आणलं आहे, पत्ताही पाठ आहे, पण त्यावर नाव घालायला हात पुढे होत नाही. तुम्ही वाचू शकत नाही म्हणून तुम्हाला लिहिते आहे, इतकी मी अजून भित्री आहे.

आणि पाकिटात घालायचं धाडस होत नाही याचं कारण वेगळंच आहे. मालकांपुढे मी म्हणाले ना, मला माहीत नव्हतं. तुम्हाला दवाखान्यातून घरी आणलं त्याच्या दुसऱ्या दिवशी वर्कशॉपातल्या कुणीतरी तुमचं सामान डिकीत घालून तुमची गाडी आणून दारात लावली होती. आईनं मला डिकीतून तुमचा डबा काढून आणायला सांगितलं. डब्याशेजारी उजव्या हाताचा मोजा होता. एकटाच. मी दुसरा शोधला नाही. तो मोजा डिकीतल्या फडक्याखाली सारला, डबा घेतला आणि झाकण लावलं. लेख मी त्यानंतर लिहिला.