आरोहीचं जीपीएस आणि माझा झेंडूचा हार

मखमलाबाद, नाशिक
रविवार, ४ ऑगस्ट २०२४

चि. लंकास, सरूताईचे पोटभर आशीर्वाद. वि. वि.

सगळ्यात आधी आली ती दीपमाला. बुलेटवरून, डोक्यावर हे एवढं हेल्मेट, आणि गाडी थेट मळ्याच्या बांधापाशी. मला वाटलं वीजबिलवाला आला. गुलाब खुडता खुडताच ओरडले, की मालक घरी नाय. हेल्मेट काढलं तर चांगली दोन पोरांची आई! मागून आणखी तिघी. शेजारच्या अक्काबाईनं कुंपणावरून विचारलं, पोलीस आले का गं. मी म्हटलं, हो, तुलाच न्यायला आलेत.

लंके, त्या आपल्या आरोहीला मागायला आल्या होत्या. लग्नासाठी नव्हे गं. या बायकांचा मोटारसायकलींचा गट आहे. पुढच्या महिन्यात सगळ्या मिळून पेठ-सुरगाण्याच्या डोंगरात जाणार, आणि सगळ्यांच्या पुढं गाडी कोणाची, तर आरोहीची! माझी नात पुढं आणि शिकल्यासवरल्या बायका तिच्या मागं. आनंदानं मी चहात दोनदा साखर घातली. बिचाऱ्यांनी तसाच प्यायला.

पण ज्ञानेश अडला. बापच तो. म्हणाला, त्या बाजूला मोबाइलला रेंज नाय, ही चुकली तर मागच्या सगळ्या चुकतील. आरोही म्हणाली, मोबाइल नकोच, तो पावसात भिजतो, हँडलवर हादरे बसून बिघडतो. गाडीला लावायचं जीपीएस घेते, नकाशा त्याच्या पोटातच असतो. मग त्यानं अट घातली. येत्या रविवारी हिनं हायवे सोडून, त्र्यंबकेश्वरावरून आतल्या रस्त्यानं एकटीनं तुझ्याकडं इगतपुरीला यायचं. वाटेत कुणालाही रस्ता विचारायचा नाय. जमलं तर पुढची गाडी तिची, नायतर दीपमालानं दुसरी बघावी.

दुकानात मी पण गेले, तिच्या मागच्या सीटवर! दुकानदारानं दोन यंत्रं ठेवली. एकाची काच ताटलीएवढी, रंगीत. मागून आलेल्या ज्ञानेशला तेच आवडलं. दुसरं लहान, काळं, कडेला जाडजूड बटणं. आरोही कधी हे उचले, कधी ते. माझ्या पिशवीत खुडणीचं रबर होतं. तेच गं, काटे बोचू नयेत म्हणून आपण बोटांना सायकलच्या ट्यूबचं चढवतो ते. ते घातलं, वर पाणी ओतलं आणि मोठ्या काचेवर टकटक केलं. ढिम्म! पावसात हातमोजे घालून पोरीनं काय करायचं मग? बटणाचं मात्र लगेच चाललं. दुकानदार हसून म्हणाला, काचेवर चालणारे हातमोजेही मिळतात आजी, पण पावसापाण्याला बटणच बरं. आरोहीनं ते दारात उन्हात धरून पाहिलं, अक्षरं नीट दिसली, आणि तेच घेतलं.

पोर येईल तेव्हा तांदळाची गरम भाकरी घाल. तुला फोनवर ऐकू येत नाय, म्हणून कशी पोचली ते लिहूनच कळव. माझ्यावर रुसायचं असेल तर पत्र टाकल्यावर रुस.

तुझी,
सरूताई


इगतपुरी
सोमवार, १२ ऑगस्ट २०२४

ती. सरूताईस, लंकाचा वाकून नमस्कार. वि. वि.

पोर सुखरूप पोचली, हे आधी वाच आणि पाणी पी. मग पुढचं वाच.

काल इथं धुकं असं, की समोरचं गोठ्याचं दार दिसेना. जेवणवेळ टळली तरी हिचा पत्ता नाय. मी दारात उभी राहून तुला मनातल्या मनात चार शिव्या दिल्या. तरण्या पोरीला असल्या पावसात धाडणारी आजी मी दुसरी पाहिली नाय. तिसऱ्या प्रहरी फटफट ऐकू आली. नखशिखांत भिजलेली, आणि रेनकोटाच्या आत, पोटाशी धरलेला झेंडूचा हार!

तायडे, गाडीची पूजा केलीस ते ठीक. पण हाताएवढा जाड हार घातलास कुठं, तर त्या जीपीएसवरच! पोरीनं तुझं मन मोडायला नको म्हणून तो काढला नाय. फुलं बाजूला सारून सारून बघत होती. त्र्यंबकेश्वरच्या पुढं झेंडू भिजून फुगला, वळण दिसलंच नाय, आणि ही लागली जव्हारच्या रस्त्याला. टपरीवरची माणसं विचारत होती, ताई, कुठं जायचंय? हिनं तोंड उघडलं नाय. झाडाखाली थांबली, हार काढला, ओल्या मोज्यांनीच बटणं दाबली आणि आली मागं वळून.

तीन भाकरी खाल्ल्या. मी म्हटलं, चुकलीस ते बापाला सांगू नकोस, कोण बघायला आलं होतं? तर म्हणाली, लंकाआजी, मी बघितलंय ना. आता ज्ञानेश काय म्हणतो याचा घोर मला लागलाय.

तुझा हार माझ्या दाराला बांधलाय. शोभतो तिथं. माया आहे तेवढी ठेव, जास्तीची असली तरी मी परत पाठवणार नाय.

तुझी धाकटी,
लंका


मखमलाबाद, नाशिक
शनिवार, १७ ऑगस्ट २०२४

चि. लंकास, आशीर्वाद. शिव्या पोचल्या. वि. वि.

पोरगी घरी आली ती हेल्मेट काढायच्या आधीच बापाला म्हणाली, पप्पा, मी वाट चुकले होते, त्र्यंबकच्या पुढं. हाराचं नाव काढलं नाय, लक्ष गेलं एवढंच बोलली. त्यानंतर ज्ञानेश चार दिवस जेवताना नुसतं मीठ मागायचा. मी समजले, गेलं सगळं.

मग तुझं पत्र आलं. तशीच उठून त्याच्याकडं गेले. तो पाण्याच्या मोटारीच्या पाइपाशी वाकला होता. म्हटलं, ज्ञान्या, पोरीला बोल लावू नकोस, हार माझा होता. तो हसायलाच लागला. म्हणाला, आई, मी दीपमालाताईंना सकाळीच फोन केलाय. मी म्हटलं, आणि चुकली त्याचं काय? तर म्हणाला, चुकलेलं तिचं तिलाच कळलं, कुणाला न विचारता परत फिरली, आणि घरी येऊन सांगितलं. मागच्या बायकांना पुढं अशीच पाहिजे.

लंके, मी तिथंच बांधावर बसले आणि पदर डोळ्याला लावला. अक्काबाईनं विचारलं काय झालं. म्हटलं, माझी नात सगळ्यांच्या पुढं चालली, तुला काय कळणार!

येत्या गुरुवारी त्या चौघी पुन्हा येतो म्हणाल्यात, जायचा रस्ता आरोहीच्या जीपीएसमध्ये नीट भरून घ्यायला. हार मी आत्ताच ओवायला घेतलाय. दाराला बांधणार.

तुझी,
सरूताई