उलटं वाढणारं गवत

ता. ४ एप्रिल

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

तुझ्या दादांच्या खांद्याचे टाके निघाले. सहा महिने काही ओढायचं-ढकलायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. खांदा गेला तो त्या म्हशीपायी. म्हैस म्हणजे त्यांचं पेट्रोलवरचं गवत कापायचं मशीन, बावीस वर्षांचं. दोरी ओढून सुरू करावं लागतं. अकराव्या झटक्यालाही मशीन ढिम्म, खांदा मात्र सुटला.

आता हे खिडकीत बसून गवत वाढताना बघतात. निवृत्त झाले तरी मोजणीदार तो मोजणीदारच. रोज सकाळी पट्टी लावून गवताची उंची वहीत टिपतात. माळी लावू म्हटलं, तर परक्याला आपली रेघ जमायची नाही म्हणाले. बॅटरीवरचं मशीन आणू म्हटलं, तर म्हणाले, केस वाळवायच्या यंत्राला चाकं लावली म्हणून ते लॉन कापणार का! शेवटी मी कापते म्हटलं, तर नुसते हसले.

चिमणे, ते हसणं मला लागलं. लग्नाला चौतीस वर्षं झाली. इतकी वर्षं मी लोकांचे कपडे बेततेय, कात्री कधी वाकडी गेली नाही. पण त्या मशीनच्या दांड्याला ह्यांनी मला कधी हात लावू दिला नाही. तुला जड जाईल, हे पालुपद.

तुझं बागेच्या यंत्रांचंच दुकान आहे, म्हणून विचारते. लॉन चौदा मीटर बाय नऊ, मध्ये एक झाड. मंगळवारी आणि शुक्रवारी हे खांद्याच्या व्यायामाला जातात, जाऊन येऊन अडीच तास. तेवढ्या वेळात उरकेल असं काहीतरी सुचव. ह्यांना कळता कामा नये. तुझी माझ्यावर माया आहेच, तिला ह्या कटाची जोड दे.

तुझी,
वहिनी


ता. ११ एप्रिल

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून गल्ल्यावर इतकी हसले की आलेलं गिऱ्हाईक बिचकून परत गेलं.

आता नीट ऐक. मशीन निवडू नकोस, बॅटरी निवड. लोक इथेच फसतात. आज एका कंपनीचं मशीन घेतात, उद्या दुसरीचा कडा कापायचा ट्रिमर, आणि घरात चार चार्जर लोळतात. एकाचं दुसऱ्याला बसत नाही. एकच बॅटरी सगळ्या हत्यारांना चालेल अशी कंपनी आधी बघायची. नवऱ्याआधी सासू बघावी, तसं.

तुला छत्तीस व्होल्टचं पुरे. चार अँपिअर-अवरची बॅटरी अर्धा तास चालते आणि तुझं काम पंचवीस मिनिटांचं. वजन चौदा किलो, पण चाकांवर चालतं, आणि दोरीबिरी काही नाही, बटण दाबायचं. कापलेल्या गवताचा भुगा करून तिथेच मुरवणारं देते, म्हणजे पोतंभर पुरावा उरणार नाही. ओल्या गवतावर चालवू नकोस. पात्याजवळ हात नेण्याआधी बॅटरी काढ. हे वाक्य दोनदा वाच. बॅटरी तापलेल्या शेडमध्ये नको, घरातच ठेव. आणि एका दिवसात सगळं भादरू नकोस. दर वेळी उंचीचा खटका एकेक घर खाली घे, गवताला सोसतं.

दांडा दुमडला की मशीन उभं राहतं; तुझ्या शिवणाच्या खोलीत ताग्यांमागे मावेल. खोक्यावर मी शिवणयंत्राचं स्टँड असं लिहिलंय. दुकानदाराला हे खोटं शोभत नाही, नणंदेला शोभतं.

खबर कळवत राहा, जीव टांगणीला आहे.

तुझी,
चिमणी


ता. ६ मे

चि. चिमणीस,
अ. आ.

खांदा बरा आहे. काळजी लॉनची आहे. गवत उलटं वाढतंय. हसू नकोस, वहीत नोंद आहे. एप्रिलच्या मध्याला नऊ सेंटिमीटर होतं, मग सात झालं, मग साडेपाच, आज चार. पट्टी बदलून पाहिली. शेजारच्या औषधवाल्यांची आणली, तर तीही तेच सांगते. त्यांच्या मते जमिनीत आंबटपणा वाढलाय. बरणीत माती कालवून ठेवलीय.

तुझ्या वहिनीला विचारलं तर म्हणाली, तुमच्या दुखण्यात गवतही सामील झालं असेल. ह्या बाईला कशाचं गांभीर्य नाही. उलट हल्ली गुणगुणते, मागून घेऊन जेवते, आणि दिवसभर खोलीत शिवत बसते म्हणावं तर उन्हानं रापलीय.

काल डाव्या हातानं दोन पोती खत टाकलं. तुझ्या ऐकण्यात असा रोग आहे का? लवकर लिही, आणि थट्टा वगळून लिही.

तुझा,
दादा


ता. १२ मे

ती. दादास,
शि. सा. न. वि. वि.

गवत आखडल्याची तक्रार दुकानात आजवर आली नव्हती. तरी आमच्या जुन्या कारागिराला विचारलं. तो तोंडावर रुमाल धरून मागच्या खोलीत गेला, सर्दी असावी. परत येऊन म्हणाला, काही गवतं भिडस्त असतात. रोज कोणी पट्टी लावली की अंग चोरतात. तेव्हा मोजणं जरा कमी कर.

पण दोन पोती खत? दादा, तिसरं टाकू नकोस. कोणाच्या तरी कमरेचा विचार कर.

तुझ्या खांद्याची आणि धीराची खुशाली चिंतणारी,
चिमणी


ता. २९ मे

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

खतानं घात केला! गवत असं उसळलंय की आठवड्यातून दोनदा कापून पुरेना. मधल्या दिवशी ह्यांना बाहेर काढायला निमित्तं शोधते. वाचनालय झालं, चष्मेवाला झाला, परवा धड चालणारं घड्याळ दुरुस्तीला पाठवलं.

त्यात ह्या मंगळवारी अर्ध्यातच बॅटरी बसली. शनिवारीच पूर्ण भरली होती, शपथेवर सांगते. निम्मं लॉन कापलेलं, निम्मं रान, चार्जिंगला दीड तास आणि हे चाळीस मिनिटांत दारात! मग घरातल्या चादरी भिजवल्या आणि न कापलेल्या भागावर वाळत पसरल्या. नऊ चादरी, दोन पडदे, टेबलाचं कापड. हे आले, फाटकात थबकले. आपल्याकडे इतक्या चादरी आहेत हे माहीत नव्हतं, एवढंच म्हणाले, आणि आत जाऊन किती वेळ खोकत होते.

एक जादा बॅटरी पाठव, शिवणयंत्राचे सुटे भाग म्हणून. आणखी एक नवल. पायवाटेच्या कडेला आणि झाडाच्या बुंध्याशी माझं मशीन पोचत नाही, तिथलं गवत मी सोडते. पण गेला आठवडाभर ते वाढतच नाहीये. ह्यांचा रोग मला लागला की काय?

तुझी,
वहिनी


ता. २ जून

चि. चिमणीस,
अ. आ.

वाचून झालं की हे पत्र फाडून टाक.

दोन आठवड्यांपूर्वी शुक्रवारी व्यायाम घेणाऱ्या बाई आल्या नाहीत, म्हणून मी लवकर परतलो. कुंपणाशी येतो तो काय, तुझी वहिनी माझी टोपी घालून गवत कापतेय! मशीनचा आवाज इतका कमी की फाटकापर्यंत येत नव्हता. इतके दिवस मी बरणीत आंबटपणा शोधत होतो, हे आठवून असा संताप आला की ओरडायला तोंड उघडलं. तेवढ्यात ती टोकाला पोचली आणि मागे वळून तिनं आपली रेघ पाहिली. सुतात होती, चिमणे. जन्मभर जमिनी मोजल्या, पण म्हशीनं मला अशी रेघ कधी मारता आली नाही. आणि तिचा चेहरा! तिनं पहिला कोट बेतला होता, त्या दिवशी तसा पाहिला होता.

मी तोंड मिटलं, बसथांब्यावर जाऊन तासभर बसलो. इतकी वर्षं तिला जड जाईल म्हणत आलो. जड मलाच जात होतं, ती माझ्याहून सरस निघेल हे.

राहिल्या कडा. त्या अशा पिंजारलेल्या मला बघवेनात. हलकं हत्यार डाव्या हातानं धरायला डॉक्टरांची हरकत नाही. तिच्या खोलीत शोधलं, तर मशीन ताग्यांमागे सापडलं; बॅटरीवरचे आकडे उतरवले आणि औषधवाल्यांकरवी त्याच कंपनीचा अडीच किलोचा ट्रिमर मागवला. ती सोमवारी कपडे पोचवायला जाते, तेव्हा तिचीच बॅटरी लावून कडा करतो. ह्या सोमवारी जरा रेंगाळलो, तर मंगळवारी बिचारीची पंचाईत झाली. त्या चादरी! आत जाऊन उशीत तोंड खुपसून हसलो.

मला वेगळी बॅटरी पाठव, औषधवाल्यांच्या पत्त्यावर. वहिनीकडे अवाक्षर काढलंस तर गाठ माझ्याशी आहे.

तुझा,
दादा


ता. ८ जून

ती. दादा व सौ. वहिनी,
दोघांना सा. न. वि. वि.

एकाच आठवड्यात एकाच घरातून एकाच आकड्याच्या बॅटरीची दोन गुपितं आली. माझं पोट फुटायची वेळ आलीय. सोबत एकच बॅटरी पाठवतेय. खोक्यावर काय आहे ते खरं लिहिलंय, तुम्हां दोघांची नावं एकाखाली एक. आत तुमची पत्रंही आहेत. वहिनीची दादानं वाचावीत, दादाची वहिनीनं. फाडायला सांगितलेलं पत्र फाडवलं नाही, क्षमा असावी.

भांडण झालं तर मला कळवू नका, नाही झालं तर जरूर कळवा.

तुमची दुतोंडी,
चिमणी


ता. १७ जून

चि. चिमणीस,
अ. उ. आ.

भांडलो नाही. मी शिवणाच्या खोलीत वाचत होते, हे खिडकीत. बाहेर आले तेव्हा ह्यांच्या हातात माझं एप्रिलचं पत्र होतं. ते हसणं चुकलं माझं, म्हणाले. चौतीस वर्षांत चुकलं हा शब्द ह्यांच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. मी पुन्हा म्हणायला लावला, खात्रीसाठी. मग म्हटलं, कडा बऱ्या करता, पण झाडापाशी घाई होते. लगेच वहीत टिपून घेतलं.

तुझी दुतोंडी जीभ सुखी राहो.

वहिनी


ता. १९ ऑगस्ट

चि. चिमणीस,
अ. आ.

परवा डॉक्टरांनी तपासून सांगितलं, सहा महिन्यांच्या आतच खांदा ठणठणीत. काहीही ओढा, ढकला. तशी चिठ्ठीही दिली. ती ह्या पाकिटात घातलीय, तुझ्या दुकानात कुठेतरी खोल दडवून ठेव. घरी सांगितलंय की आणखी सहा महिने बंदी.

तुझी वहिनी वाईट झालं म्हणाली, आणि लगेच मला बॅटरी चार्जिंगला लावायला पाठवलं.

तुझा,
दादा