लाल धाग्याला गाठ

कामथडी, तालुका भोर
ता. ८ डिसेंबर १९५७

चिरंजीव सावळा यास आक्काचा पोटभर आशीर्वाद.

आमी समदी हितं बरी हाय. भात झोडून झालं. परवा वाडीवरनं आबा येऊन एक मुक्काम करून गेले. 'माझा सावळा बी.एस्सी. होणार' असं यष्टीतल्या कंडक्टरला बी सांगून आले. कंडक्टरनं विचारलं, ते म्हंजी काय? तर म्हणले, ते त्यालाच ठावं. आईचं गुडघं दुखतंय, पण शेरडांमागं जायचं काही सोडत न्हाई.

तुझं पत्र मी मुंबईला निघायच्या आदल्या दिवशी मिळालं. इंटर तर पास झालो, आता बी.एस्सी.ची दोन वर्सं फुकट कशाला घालवू, विमानांना वाट दाखवायचं काम सरकारी खातंच शिकवतं म्हणतात, तर तितं जाऊन विचारून ये, असं तू लिहिलंस. विचारून आले, बाबा. पत्र लांबणार हाय. कंटाळलास तरी वाच, तुझ्यापायी मी लई जिने चढलीय.

तुझे दाजी तितं विमानतळावर आगीच्या बंबावर हायेत खरं, पण इतकी वर्सं झाली तरी वरच्या काचेच्या खोलीत त्यांनी पाऊल टाकलं न्हवतं. आपलं काम खाली, वरचं सायबांचं, म्हणायचे. मला वर नेलं ते तांदळानं. भोरातल्या जन्नतबी ठाव्या हायेत ना, बांगड्यांच्या दुकानवाल्या? त्यांचा थोरला अल्लाउद्दीन वरच काम करतो. त्यांनी नव्या आंबेमोहराचं गाठोडं माझ्याकडं दिलं आणि म्हणल्या, 'चंद्राबाई, लेकाच्या हातातच दे गं, दुसऱ्या कुणाकडं नको.' तितं गेल्यावर दाजी म्हणले, शिपायाकडं दे की. म्हणलं, छ्या, शब्द दिलाय, हातातच देणार. दाजी लई वैतागले. पण अल्लाउद्दीनभाईंना आईचा निरोप कळला आणि त्यांनीच आमाला वर बोलावलं.

सावळा, काय सांगू रं तुला! चारी बाजूंनी काच आणि काचेपल्याड नुसतं आभाळ. गडाच्या माचीवर उभं ऱ्हावं तसं वाटलं, पण वारा न्हाई. आणि आवाज न्हाई. एवढी मोठी धुडं हाकायची म्हंजी आरडाओरडा आसंल असं मला वाटलं व्हतं. आपण पल्याडच्या डोंगरावरच्या माणसाला हाळी घालतो तवा घशाच्या शिरा फुगतात. तितं समदी हळू बोलतात, देवळात बोलल्यासारखी. अल्लाउद्दीनभाई इंग्रजीत चार शब्द बोलले आणि चालतं विमान जाग्यावर थांबलं. आत बायका, पोरं, शेठजी बसलेले. त्यांना कुणी थांबवलं ते ठावं बी न्हाई. मी दाजींकडं बघितलं, तर त्यांनी टोपी काढून हातात घेतली व्हती.

तुझं विचारलं. भाई आपल्यातलेच, बोलायला मोकळे. म्हणले, 'ताई, खरं सांगू? हे काम कुठल्याच कॉलेजात शिकवत नाहीत. मी इंटर करून शिरलो. शेजारी बसलेत ते बी.एस्सी. आहेत. अलाहाबादला खात्यानं दोघांनाही पहिल्यापासून शिकवलं आणि दोघांनाही सारखंच रडवलं. कॉलेजचा उपयोग नाही असं नाही. इंग्रजी सुधारतं, वाऱ्याचा हिशोब लवकर कळतो. पण इथं बसल्यावर कुणी डिग्री विचारत नाही. नीट ऐकलं नसेल तर पुन्हा सांगा म्हणायची लाज नको, अंदाजानं बोलायचं नाही, आणि घाबरायचं नाही.'

हे वाचून तू उडी मारली असशील. मारली असशील तर खाली बस, पुढं वाच.

तेवढ्यात एक बारकं विमान आभाळात घिरट्या घालायला लागलं. त्याचं वायरलेस बंद पडलं व्हतं. हितनं किती बी बोला, त्याला ऐकू जाईना. भाईंनी वर टांगलेला एक दिवा ओढला, बंदुकीगत त्या विमानावर धरला आणि लाल उजेड दाखवला. म्हंजी थांब, फिरत ऱ्हा. खाली एक मोठं विमान सुटायचं व्हतं. ते सुटलं, रस्ता मोकळा झाला, तसा भाईंनी हिरवा दाखवला. म्हंजी ये. आणि सावळा, त्या बारक्या विमानानं पंख हालवले रं! एकदा हिकडं, एकदा तिकडं. 'कळलं म्हणतंय,' भाई म्हणले. माझ्या डोळ्याला पाणीच आलं. एका माणसाच्या हातातल्या उजेडाचं ते एवढं ऐकतंय, असं मी जन्मात बघितलं न्हवतं.

सासूबाई हाक मारतायत. उरलेलं मागनं लिहिते.

ता. ११

तीन दिवस पत्र उशाखाली ठेवलं. सासूबाईंचं निमित्त व्हतं. मला पुढचं लिहवत न्हवतं.

तुझ्या पत्राच्या शेवटी, सहीच्या वर, तू बारीक अक्षरात लिहिलं व्हतंस, 'वर दिवे असले तर कसल्या रंगाचे असतात तेवढं बघून ये.' मला वाटलं, पोराला हौस. ते विमान उतरलं आणि मला ती ओळ आठवली. मग मी भाईंना विचारलं, 'आणि एखाद्याला लाल-हिरवं कळतच नसंल तर?' ते हसले. म्हणले, 'त्याला इथं बसवतच नाहीत. डोळ्यांची तपासणी असते. ठिपक्याठिपक्यांचं एक पुस्तक असतं, त्यात लपलेला आकडा ओळखायचा. तिथं अडला तर मग बी.एस्सी. असो, कुणी असो.'

आपल्या शेरडांच्या शिंगांना लाल रंग, म्हादूकाकाच्या शेरडांना हिरवा. झऱ्यावर दोन्ही कळप मिसळले की तू माझ्या कानाशी यायचास, 'आक्का, आपलं कंचं?' मी बोट दाखवायची. पुढं तू एकूणएक शेरडू तोंडावरनं ओळखायला शिकलास आणि विचारायचं बंद केलंस. आबा म्हणायचे, पोरगं हुशार हाय. मला तो आपल्या दोघांचा खेळ वाटायचा. तुझ्या शाळेच्या नकाशातली जंगलं बी मीच रंगवून द्यायची. मामाला बी असंच व्हतं, मिरच्या तोडताना हिरव्या-लाल एक करायचा आणि आई त्याला आंधळा म्हणायची. कुणी मनावर घेतलं न्हाई.

तू समदं विचारलंस. इंग्रजी किती लागतं, गणित किती, उंची किती. डोळ्यांचं तेवढं न्हाई. दिव्याचं विचारलंस. म्हंजी तुला ठावं हाय, लबाडा. मला राग आला न्हाई. वाईट वाटलं, लई वाईट वाटलं. विमान डोंगरावरनं गेलं की तू शेरडं टाकून कड्यापर्यंत पळायचास आणि 'ह्याला वाट कोण सांगतं?' म्हणून माझं डोकं खायचास. सांगणारा मी बघून आले, आणि तू तितं बसू शकणार न्हाईस असं मला वाटतंय.

जिना उतरताना भाई मागनं आले. त्यांना काय उमगलं देव जाणे. खालच्या मजल्यावरचं एक दार दाखवून म्हणले, 'ताई, हे हवामानवाले. ढग कुठं, वारा कुठला, हे यांनी सांगितल्याशिवाय आम्ही वर आंधळे. इथं मात्र बी.एस्सी. पाहिजे, फिजिक्सवालं. यांचं मोठं ऑफिस पुण्यातच आहे.' मी विचारलं, तितं बी ते ठिपक्यांचं पुस्तक असतं का? म्हणले, 'माझ्या माहितीत नाही, पण चौकशी करतो.'

तवा कॉलेजचं उत्तर तुझ्या डोळ्यांवर हाय. म्हणून पाकिटात दोन धागे घातलेत, सासूबाईंच्या गोधडीच्या बोचक्यातले. एक लाल, एक हिरवा, सारखेच लांब. भर दुपारी उजेडात बघ. लाल धाग्याला गाठ मार आणि दोन्ही परत पाठव. खोलीतल्या पोराला विचारू नको. बरोबर आलं तर खुशाल नाव काढ कॉलेजातनं, आबांची समजूत मी घालते, शिव्या बी मीच खाते. न्हाई आलं, तर मुकाट वर्गात जाऊन बस.

झऱ्यावर मी बोट दाखवायची. या खेपेला दाखवणार न्हाई, सोन्या. हात लई शिवशिवतोय.

तुझी आक्का
चंद्रा


पुणे
ता. १६ डिसेंबर १९५७

तीर्थरूप आक्कास, सावळाचा नमस्कार.

दोन्ही धागे सोबत परत पाठवतो. गाठ मारलेली नाही.

दुपारी खिडकीत बसलो तो ऊन जाईपर्यंत बसलो. खोलीतला जोडीदार म्हणाला, कसले धागे निरखतोस? म्हणालो, बहिणीने पाठवलेत. त्याला विचारलं नाही. कुठल्या तरी एकाला गाठ मारली असती, तर कदाचित बरोबरही आली असती. पण भाई म्हणाले ना, तिथं अंदाजानं बोलायचं नाही.

उद्यापासून वर्गात जातो. आठवडाभर गेलो नव्हतो, हे आबांना सांगू नकोस. भाईंनी हवामानाची चौकशी केली की कळव. मीही इथल्या ऑफिसात जाऊन येतो.

आक्का, तुझं पत्र मी पुन्हा पुन्हा वाचतो आहे. एक गोष्ट तू लिहिली नाहीस. त्या विमानानं पंख हालवले ते दिवा दिसल्याबरोबर, का जरा थांबून? नीट आठवून लिही. एवढं तरी मला डोळ्यांपुढं बरोबर आणायचं आहे.

तुझा
सावळा