द्राहासाठी प्राग, गुडघे सांभाळून

प्राग, ९ जून

प्रिय द्राहा,

गुडघा कसा आहे? नाताळच्या कार्डात तू ऑपरेशनचं लिहिलं होतंस, पुढे काय झालं ते कळलं नाही. ओस्ट्रावात एव्हाना चेरी पिकल्या असतील. इथे हवा बरी आहे. पत्र लिबुशेच्या अक्षरात नाही, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. वाचत राहा, एवढीच विनंती.

तिच्या टेबलाच्या खणात एक कागद सापडला. वर लिहिलं आहे, 'द्राहासाठी प्राग. एक दिवस, गुडघे सांभाळून.' म्हणजे तुझं कार्ड आल्यानंतर लिहिलेला. तीस वर्षं तिने परदेशी लोकांना हे शहर दाखवलं, पण असा कागद मी तिच्याकडे कधी पाहिला नव्हता. त्यात राजे नाहीत, सनावळ्या नाहीत. कुठे बाक आहे, कुठलं शौचालय स्वच्छ आहे, कुठे कॉफीचे उगाच जास्त पैसे घेतात, एवढंच.

गेल्या आठवड्यात मी तो रस्ता चालून पाहिला. मी आयुष्यभर जमीन मोजणारा माणूस. तपासल्याशिवाय कुणाच्या हाती नकाशा देत नाही.

सकाळी सहाला चार्ल्स पूल. त्या वेळी तिथे पुतळे आणि झाडूवाले, बाकी कुणी नसतं. संत नेपोमुकच्या पुतळ्याखालच्या पाटीला प्रवासी नशिबासाठी हात लावतात, घासून घासून ती सोन्यासारखी झाली आहे. लिबुशेने लिहिलंय, 'द्राहाला हात लावू देऊ नये. नंतर दिवसभर हात धुवायला नळ शोधत बसेल.' मग बावीस नंबरच्या ट्रामने किल्ल्याच्या वर जायचं आणि चालत खाली उतरायचं. उलटं फक्त पाहुणे करतात. जुन्या पायऱ्या मी मोजल्या. आकडा सांगत नाही, नाहीतर तू घरीच बसशील.

दुपारी जुन्या चौकातलं घड्याळ. तास पडला की वरच्या खिडक्यांतून प्रेषितांच्या मूर्ती फिरतात. 'घड्याळाकडे पाठ करून उभं राहायचं,' असं तिने लिहिलंय, 'आणि वर बघणारी माणसं बघायची. या शहरात सगळ्यात बघण्यासारखं तेच.' मी तसा उभा राहिलो. सगळ्यांची तोंडं उघडी, आणि मी एकटा उलट्या दिशेला. मला ओशाळल्यासारखं झालं. तीस वर्षांत मी तिच्या गटाबरोबर एकदाही गेलो नव्हतो. "मी जगाला प्राग दाखवते," ती म्हणायची, "आणि माझा नवरा जमिनीखालच्या रेल्वेने घरी येतो."

आता लिहायलाच हवं. लिबुशे अठरा फेब्रुवारीला गेली. पोटात गाठ होती. कळल्यापासून सात आठवडे.

दवाखान्यात ती मला म्हणाली, "द्राहाला फोन कर."

मी म्हटलं, "ती यायची नाही."

"नाही आली तर भांडेल तरी. नऊ वर्षं झाली तिच्याशी भांडून."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं, "लागला का?" मी सांगितलं, "वाजतो, पण कुणी उचलत नाही." ती म्हणाली, "बाजारात गेली असेल. उद्या लाव." त्यानंतर तिने आणखी दोनदा विचारलं.

द्राहा, मी फोन लावलाच नव्हता. तुमच्या आईच्या अंत्यविधीला लिबुशे गट सोडून येऊ शकली नाही, तेव्हा तू तिला फोनवर म्हणाली होतीस, "तुला आईपेक्षा ते कॅमेरेवाले जवळचे." मी शेजारीच उभा होतो, मला फोनमधून ऐकू आलं. मग कित्येक दिवस तिला अन्न गोड लागलं नाही. पुन्हा तसं काही तिच्या कानावर पडू नये म्हणून मी फोन करत नाही, असं मी स्वतःला सांगत होतो. ते खरं नाही. राग माझा होता. तिचा कधीच निवळला होता.

पुढचं याहून वाईट आहे. अंत्यविधीच्या कार्यालयात शोकपत्र छापायला दिलं. तिथल्या बाईंनी विचारलं, "खाली नावं कुणाची?"

"पती विलेम."

"एवढंच? एकच नाव फार उघडं दिसतं हो."

"मग बहीण द्राहोमीरा," मी म्हटलं.

"बघा, आता कसं घरचं वाटतं," त्या म्हणाल्या.

पन्नास प्रती काढल्या आणि सगळ्यांना पाठवल्या. दुःख कळवणाऱ्यांत तुझं नाव होतं आणि तुलाच कळवलं नाही. तुझं पाकीट मी लिहिलं होतं, तिकीटही लावलं होतं. टपालपेटीपर्यंत नेऊन परत आणलं. ते सोबत ठेवतो आहे. विधीच्या वेळी लोक विचारत होते, "बहीण दिसत नाही?" मी म्हणालो, "तिच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय." सगळ्यांनी तुला लवकर बरं वाटो म्हणून सांगितलं.

तिला तुझा निरोप घ्यायचा होता आणि मी घेऊ दिला नाही. हे भरून निघण्यासारखं नाही, हे मला समजतं.

पण तिची रक्षा अजून घरी आहे, तिच्या पुस्तकांच्या कपाटात. शेजारच्या श्रीमती वोंद्राकोवांचे यजमान तीन वर्षं टीव्हीखाली आहेत. "घाई कसली?" त्या मला म्हणतात. "एवढे शांत ते जन्मात कधी बसले नव्हते." मी हसलो, लिबुशेही हसली असती. पण ती दिवसभर बाहेर फिरणारी बाई. तिला कपाटात ठेवणं मला बरं वाटत नाही.

ओल्शनीच्या दफनभूमीत माझ्या आईवडिलांच्या कबरीत जागा आहे. काल तिथल्या माणसाने रक्षा ठेवायची तारीख विचारली. मी म्हटलं, "तिच्या बहिणीला विचारून सांगतो."

तो म्हणाला, "विचारा की मग. घरच्या माणसाला विचारायला इतके दिवस लागतात?"

म्हणून विचारतो आहे. तू म्हणशील तो दिवस. येणार नसशील तर तसं लिही, तुझं काही चुकलं असं मी म्हणणार नाही. तुझं उत्तर येईपर्यंत तिला मी कुठेही नेत नाही.

तुझ्या बहिणीचा,
विलेम